उर्सुलाची रिकामी भांडी

आमच्या होळी गावची उर्सुला ही कोणी मोठी बाई नव्हे. ती केळी व भाजी पिकवीत असे आणि बाजारात चिंचेखालच्या जागेवर बसून विकीत असे. तरीही तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिला बरे करण्याच्या कामात आम्ही सर्वांनी मिळून तिला जवळजवळ निकामी केले होते.

सन १९९६ च्या मार्चमध्ये वाडीत केळीचा घड उतरवताना तो तिच्या डोक्यावर पडला. इस्पितळात सात टाके घातले, मेंदूची तपासणी झाली, आत रक्तस्राव नव्हता. चौथ्या दिवशी ती घरी आली. जखम भरत आली. परंतु थकवा असा होता की वेणी घातली तरी तिला आडवे व्हावे लागे.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद लिहून दिला होता. तिची मुलगी रोवेना शाळेत शिकवावयास गेल्यावर शेजारीण म्हणून तो मी अक्षर अक्षर लावून उर्सुलाला वाचून दाखविला. दर तीन तासांनी थोडे थोडे खावे. पाणी, ताक, पेज घ्यावी. दुपारनंतर चहा नको. दारूचा थेंबही नको. झोप भरपूर घ्यावी व काम हळूहळू वाढवावे. हे सर्व वाचून मी घरी गेले आणि सायंकाळी तिच्यासाठी तांब्याभर कडक चहा घेऊन आले. वाचलेले पाळावयाचेही असते, हे मला प्रौढ साक्षरता वर्गात कोणी शिकविले नव्हते.

मी एकटी नव्हते. पलीकडच्या घरातली सुझान पाच चमचे साखर घातलेले ग्लुकोजचे पाणी आणीत असे. उर्सुलाचा दीर सिप्रियन जांभळाची घरगुती वाईन घेऊन आला.

"वहिनी, ही दारू नव्हे. हे फळ आहे."

"मग भावजी, परवा गटारात पडलात तेव्हा फळ खाऊनच पडला होता ना?"

सिप्रियनची बायको इझाबेल रोज थर्मासभर कोंबडीचे सूप आणी. त्यावर बोटभर तेल तरंगत असे. पेला रिकामा झाल्याखेरीज कोणीही उठत नसे, इतके आमचे प्रेम होते.

आणि आमच्याकडे आलेले भांडे रिकामे परत करीत नाहीत. त्यामुळे उर्सुला भिंत धरून उठे, तांदळाच्या पिठाचे वडे तळी, डब्यात केळी भरी, बाटलीत लोणचे घाली. रोवेना ओरडे, "आई, राहू दे ना!" तर ही म्हणे, "रिकामे कसे देऊ? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणत नसत. लोक वडे खात असत. ते उत्तम होत असत, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

दरम्यान बाजारात चिंचेखाली इझाबेल बसू लागली होती. आमच्या बाजारातील जागेला कागद नसतो. महिनाभर टोपली दिसली नाही, की ती जागा दुसऱ्याची होते. "तू निवांत झोप, बाय," इझाबेल सूप ओतताना म्हणे. "जागा मी धरून ठेवली आहे. गिऱ्हाइके तर आता तुझे नावही काढीत नाहीत, म्हणजे बघ, तुला काही काळजीच नाही."

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दिवसभर काय करता?" उर्सुलाने सांगितले: सहा जणांची पेये, सहा भांडी भरणे.

"तुम्ही आजारी आहात की खानावळ चालवता?" बाई म्हणाल्या. "असेच चालले तर थकवा जायचा नाही."

त्या दिवसापासून रोवेना दुपारी दाराला कडी घालू लागली. आम्ही बाहेरून हाका मारल्या व भांडी ओट्यावर ठेवून आलो. आतले सूप मांजराने प्यायले. ते मात्र पुष्कळ सुधारले. उर्सुला पेज, ताक व पाणी घेऊन झोपत होती.

सत्ताविसाव्या दिवशी, शनिवारी, चिंचेखाली रिक्षा थांबली. रोवेनाने आईला हात देऊन उतरविले. मागोमाग तिची भाजीची टोपली आणि एक गोणपाट आला आणि त्यावर भांडी मांडली गेली.

"अगं, तू कशाला आलीस?" इझाबेल बसल्या जागेवरून म्हणाली. "चक्कर येईल!"

"आली तर बसल्या बसल्या येईल. ऊठ. आणि हा तुझा थर्मास घे."

इझाबेलने झाकण उघडून आत पाहिले. मग उलटा करून पाहिला. "रिकामा?"

"रिकामा. भरून द्यायचा तर मला आणखी महिनाभर झोपून राहावे लागेल. तेवढ्यात ही जागा तुझी होईल."

सगळा बाजार भाजी सोडून इझाबेलकडे पाहू लागला. ती थर्मास काखेत मारून उठली. जाताना तिने लगबगीने आपली कोथिंबीर उचलली आणि लगबगीत उर्सुलाच्याही दोन जुड्या उचलल्या.

उर्सुला त्या दिवशी एक तास बसली. मधेच ती डब्यातली पेज खाऊन पाणी प्यायली आणि मग घरी जाऊन झोपली. पुढच्या आठवड्यात दीड तास बसली. पावसाळ्यापर्यंत ती दुपारची झोप घेतच होती. परंतु टोपली रोज चिंचेखाली दिसत होती.

माझा तांब्याही तिने गोणपाटावरून उचलून माझ्या हातात दिला होता. "घ्या, मेरी काकी." मी रस्त्याच्या वळणावर थांबून आत पाहिले. वडे नव्हते. तांब्या मात्र असा लख्ख घासलेला होता की तळाशी माझेच तोंड दिसले.