आधी खालचा बोल्ट

भाऊजी,

तुमच्याबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटल्यावर मी तुम्हालाच लिहायला बसले. तोंडावर सांगायला लागलं की तुम्ही मध्येच बोलता, मग मीही बोलते, आणि गोष्ट राहते बाजूला. तेव्हा आता गपगुमान वाचा. कुणा तिऱ्हाइताची आहे असं समजा, म्हणजे लाज कमी वाटेल.

तर हे गृहस्थ जन्मभर घड्याळं दुरुस्त करत बसले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडात एकच पालुपद, "घाई कसली?" दुकान बंद केल्यावर त्यांनी एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली. त्यांच्याइतकीच खिळखिळी. बायकोला ती सवतच वाटली. शेवटी तिने निकाल दिला, "रविवारी ही मला त्या चिखलाच्या चढावरून ताईच्या दारापर्यंत नेईल, तर राहील. मध्येच बसली, तर सोमवारी भंगारवाला."

आता चारही चाकांवर टाकली की गाडी पुढून कण्हायची. घड्याळजींच्या कानाने निदान केलं: पुढच्या चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, त्यातलं तेल म्हातारं झालंय. खाली एक बोल्ट, जुनं सोडायला. बाजूला जरा वर दुसरा, नवं भरायला.

"हाताच्या घड्याळात केवढाले बारीक तुकडे असतात," ते बायकोला म्हणाले. "इथे बोल्ट किती? दोन!"

शनिवारी स्वारी गाडीखाली शिरली. घड्याळ साफ करायचं तर आधी ते पुरतं रिकामं करायचं, ही हातांना लागलेली सवय. हातांनी तेच केलं. खालचा बोल्ट सुटला, काळंकुट्ट, उग्र वासाचं तेल जुन्या घमेल्यात उतरलं. शेवटचा थेंबही निघू दे म्हणून महाशय कौतुकाने वाट बघत पडले. मग वरच्या बोल्टला पाना लावला. ढिम्म. जोर केला, तशा बोल्टच्या कडाच झिजून गोल झाल्या आणि पाना सटकून नाकावर आला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. भरायची वाट उघडते का हे न बघताच पोट रिकामं करून ठेवलं होतं! गिऱ्हाइकांना जन्मभर सबुरी शिकवली, आणि स्वतः... 'वा रे कारागीर,' ते गाडीच्या पोटाकडे बघत स्वतःला म्हणाले.

बायको टॉर्च घेऊन आली. "झालं?"

"अर्धं झालं."

"कुठलं अर्धं?"

"जे आधी करायचं नव्हतं, ते."

मेकॅनिकला फोन केला. तो पोटभर हसला आणि म्हणाला, सोमवारी बघू. सोमवारी बघायला भंगारवालाच येणार होता.

गृहस्थ पुन्हा खाली जाऊन पडले. नाक चोळता चोळता त्यांना गोळ्याच्या माथ्यावर हवा जायची बारीक नळी दिसली. नळी काढली की खाली भोक, घड्याळाच्या किल्लीएवढं. जाड तेल त्यातून जायचं तर मुंगीच्या चालीने. पण तेवढं एकच काम त्यांना येत होतं! औषधाच्या मोठ्या पिचकारीत तेल भरून ते भोकाशी नेणार, इतक्यात बायको म्हणाली, "अहो, खालचं बंद केलंत का?"

त्यांनी पिचकारी खाली ठेवली.

"करतोच आहे," ते म्हणाले आणि बोल्ट शोधायला लागले. तो तिच्याच हातात होता.

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं सगळं तेल आत जाईपर्यंत दिवस कलला. ती टॉर्च धरून उभी, हे पिचकारी दाबत आडवे. "लग्नानंतर एवढा वेळ माझ्याजवळ पहिल्यांदाच थांबलात," ती म्हणाली.

रविवारी चढावर गाडी कण्हली नाही. कण्हली ती बायको, प्रत्येक वळणाला, दाराची कडी घट्ट धरून. वर पोचल्यावर ताईने विचारलं, "ही कुणाची गाडी गं?" आणि आमच्या जाऊबाई पदर झटकत म्हणाल्या, "कुणाची म्हणजे? आमची!" भंगारवाल्याचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही.

आता तिऱ्हाइतपणा पुरे. भाऊजी, तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, तुमच्या घराजवळ गाडीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तेवढा वरचा बोल्ट नवा आणा." मी गेले. दुकानदार म्हणाला, नमुना दाखवा. तुम्हाला कळवलं, तर म्हणता, "नवा हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावणार नाही. एकदा शहाणपण केलंय तेवढं बास." दुकानदार काही नमुन्याशिवाय देत नाही. मी दर खेपेला पिशवी घेऊन त्या दुकानावरून जाते आणि तशीच परत येते.