दुधाच्या सायकलला जेट

लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो, तशा वर्कशॉपातल्या गोष्टी साठतात. रोज झाडून काढा, तरी संध्याकाळी लुगड्याच्या निऱ्यांत चार कण सापडतातच! आमचं वर्कशॉप शाहूपुरीत होतं. सत्तर सालानंतरची ही वर्षं. धाकट्या दिरानं, म्हणजे दिनकरनं, सायकलला जेट इंजिन बसवलं, तेव्हाच्या या गोष्टी. लोक पोट धरून हसतात. हसा बापडे. मी तेव्हा हसत नव्हते.

*

आम्ही शेतीपंपाची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचो. माझी शाळा चौथीत सुटली. गॅस वेल्डिंग मी आमच्या ह्यांच्या हाताकडं बघून शिकले आणि वर्षभरात ह्यांच्यापेक्षा बरा जोड मारायला लागले. हे तसं कबूल करायचे. फक्त गिऱ्हाइकासमोर नाही!

एक दिवस दिनकर रद्दीतून परदेशी मासिक घेऊन आला. त्यात एका लांब नळीचं चित्र. नळीच्या तोंडाशी पोलादी पट्ट्यांची झडप. आत गॅस पेटला की झडप मिटते, जाळ मागून सुटतो आणि गाडी पुढं ढकलली जाते. लगेच झडप उघडते, हवा आत येते, पुन्हा जाळ. डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीदा तरी!

"मला इंग्रजी येत न्हाय," मी म्हटलं.

"चित्र तर येतंय की, वैनी!"

येत होतं. तीच तर पंचाईत.

"आणि हे कशाला पायजे?"

"मजा!"

"मजेत मरशील. न्हाय मेलास, तर मी मारीन."

"तुमी जोड मारला तर न्हाय मरणार. शिरोली एमआयडीसीतला एक वेल्डर तयार हाय. पण मला तुमचा जोड पायजे."

त्या वेल्डरचं काम मी बघितलं होतं. त्याच्या जोडातून पाणी थांबत नव्हतं, जाळ कसला थांबतोय! सासूबाई जाताना ह्या पोराचा हात माझ्या हातात देऊन गेल्या होत्या. दुसऱ्याच्या जोडावर बसून हा जाणार, त्यापेक्षा माझा तरी असू दे, म्हणून मी वेल्डिंगचा टॉर्च उचलला.

त्या दिवसापासून तव्यावरच्या भाकरीला कडेनं चीर गेली, की माझ्या छातीत धस्स व्हायचं.

*

झडपेच्या पट्ट्यांना पातळ, लवचिक पोलाद लागतं. ते बाजारात मिळेना. आठवड्याभरानं हे भिंतीकडं बघून म्हणाले, "आबांचं घड्याळ बंद पडलंय का रं?"

आबा म्हणजे माझे सासरे. घड्याळ त्यांनी स्वतः भिंतीवर लावलेलं. दिनकरनं आतली स्प्रिंग केव्हाच काढून, कापून झडपेला बसवली होती.

"बंद कुठलं, दादा? आता तर ते पळणार हाय!"

*

आमच्याकडं कुठलंही इंजिन पहिल्यांदा चालू करताना हार-नारळ होतोच. ह्यांनी झेंडूचा हार घातला, तो नेमका नळीच्या तोंडावर! दिनकरनं भट्टीच्या ब्लोअरनं आत हवा मारली, प्लगची ठिणगी पाडली, आणि मी गॅसच्या टाकीची चावी फिरवली. टाकी कुठली? नंबर लावून लावून मिळालेली, माझ्या स्वयंपाकघरातली! मी पुन्हा स्टोव्हला पंप मारत बसले होते.

आवाज असा, की पत्र्याच्या छपरावर अख्खी वरात नाचतेय. एका झटक्यात हार आत! मागून जळक्या पाकळ्या उडाल्या त्या शेजारणीच्या वाळवणावर. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. शेजारीण धापा टाकत आली.

"काय फुटलं हो?"

आमच्या ह्यांनी शांतपणे हात जोडले. "काय न्हाय. नैवेद्य पोचला."

*

मग इंजिन बसवलं दूधवाल्याच्या जुन्या दणकट सायकलवर. कॅरिअरच्या एका अंगाला, जिथं दुधाची किटली अडकवतात, तिथं गॅसची टाकी. दुसऱ्या अंगाला नळी.

जोर किती आहे ते बघायचं होतं. दिनकरनं तालमीतला ओळखीचा पैलवान आणला. पैलवान हँडल धरून समोर उभा राहिला. "ह्यो पाइप मला ढकलणार व्हय?"

चावी सोडली. पैलवानानं पाय रोवले, मानेच्या शिरा फुगल्या, तरी गडी इंच इंच मागं सरकत भिंतीला टेकला. सगळे त्याच्याकडं बघत होते. मी जोडाकडं बघत होते. नळी लाल झाली, मग केशरी झाली. मी चावी बंद केली.

पैलवानानं घाम पुसला. "ताकद हाय गड्यात. पर कुस्तीत एवढं बोंबलायचं नसतंय!"

*

एकदा दिवेलागणीला दिनकर नळी तापवून बघून, नुसतं पायडल मारत घरी येत होता. कोपऱ्यावर हवालदारानं अडवलं.

"दिवा कुठाय?"

"मागं बघा की सायेब, निखाऱ्यागत लाल हाय!"

"मागचं मला दिसतंय. फुडनं येणाऱ्यानं काय करायचं?"

आणि हवालदारानं काय करावं? जेट इंजिनाच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली!

*

शेवटी तो रविवार उजाडला. सकाळी शिरोलीच्या पुढच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ह्यांनी ओली पोती आणि पाण्याची बादली आणली होती. दिनकरनं जाड कोट भिजवून अंगात घातला. मी जोडावरून नख फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"वैनी, सोडा की आता!"

मी चावी सोडली. तो गेला. मी माणूस असा जाताना बघितला नव्हता! पायडल नाही, काही नाही, नुसता कोट फडफडतोय आणि मागं जाळाची जीभ.

तेवढ्यात हे शेजारून अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, दिनकर गॅस बंद कसा करणार?"

चालू कसं करायचं, यावर आम्ही महिनेच्या महिने डोकं लावलं होतं. बंद कसं करायचं, हा प्रश्नच कधी पडला नाही. कारण वर्कशॉपात चावी नेहमी मी बंद करायचे! चावी त्याच्या पाठीमागं, टाकीवर. हात मागं न्यावा, तर शेजारी लाल नळी.

सायकल वळणाआड गेली. आवाज येत होता, येत होता, आणि एकदम तुटला. लांब जाऊन विरला नाही, तुटला. जोड फुटला, की आवाज असाच तुटतो.

आम्ही टेम्पोत बसून मागं निघालो. हे चालवत होते, मी दोन्ही बाजूंच्या उसात बघत होते. कुठं धूर दिसतोय का? कुठं ऊस आडवा झालाय का? मनात एकच, जोड माझा, जोड माझा. एक बैलगाडीवाला भेटला.

"पावणं, हिकडनं सायकल गेली का?"

"सायकल का काय ते ठावं न्हाय. माझी बैलं अजून थरथरत्यात!"

"मग तो माणूस कुठाय?"

"फुडं गेला की. पायडल मारत."

माझा विश्वास बसेना. आम्ही पुढं, पुढं, पार पेठ वडगावापर्यंत गेलो. बाजारात चहाच्या गाड्याला सायकल टेकवलेली. बाकावर दिनकर. भुवया जळालेल्या, तोंड काळं, आणि चहात कडक बटर बुडवून खातोय!

मी आधी सायकलकडं गेले. जोड बघितला. केसाएवढी भेग नव्हती. झडपेच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या, म्हणून इंजिन गप्प झालं होतं. मग मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"इंजिन वळणावरच बंद पडलं न्हवं?"

"व्हय."

"मग मागं का फिरला न्हाईस? एवढी जड टाकी घेऊन, पायडल मारत इथवर आलास?"

दिनकरनं कप खाली ठेवला.

"मागं तुमी उभ्या हुतासा की, वैनी."