तिसऱ्या ओळीतलं टेबल

क्लबची बस ग्लेनिस मॉन्डर चालवायची. सकाळी साडेनऊला ती बस क्लबच्या मागच्या आवारात, कचऱ्याच्या पेट्यांशेजारी लावायची. तिथे वास यायचा, पण क्लबचं वायफायही तिथेच सगळ्यात चांगलं यायचं. अकरा म्हातारी माणसं उतरून आत पोकी मशिनांकडे, म्हणजे बटण दाबून खेळायच्या जुगाराच्या यंत्रांकडे गेली की ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून लॅपटॉप मांडीवर घ्यायची. एक वाजता सगळ्यांना टारी गावभर घरोघरी सोडायचं असे. मधले साडेतीन तास तिचे.

त्या वेळात ती इंटरनेटवर पोकर खेळायची. सगळ्यात छोटं टेबल, दहा डॉलर घेऊन बसायचं, पाच-दहा सेंटांपासून चाल सुरू.

"पोरी, बाहेर बसून जुगार कसला खेळतेस? आत ये. चहा तरी फुकट मिळेल," सेस हिबर्ड उतरता उतरता म्हणायचा. वय अठ्ठ्याहत्तर, पुढून दुसरी सीट त्याची.

"आत मशीन खेळतं, सेस. तू नुसतं बटण दाबतोस."

"आणि तू काय दाबतेस?"

"मी बहुतेक वेळा काहीच दाबत नाही."

हे खरं होतं. दहातले आठ डाव ती पत्ते बघून टाकून द्यायची. लॅपटॉपच्या कडेला चिकटपट्टीवर तिने एकच नियम लिहिला होता: पुंजीच्या चाळिसाव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊन कुठल्याही टेबलावर बसायचं नाही. सुरुवात फुकटच्या स्पर्धेत मिळालेल्या साडेतीन डॉलरपासून झाली. तेव्हा नियम पाळण्याइतकी पुंजीच नव्हती, म्हणून आणखी फुकटच्या स्पर्धा खेळून तिने ती जमवली. घरचा एक सेंटही घातला नाही. दोन वर्षं सात महिन्यांनी खात्यावर दोन हजार दोनशे एक्क्याण्णव डॉलर झाले.

ते दातांसाठी होते. तीन वर्षांपूर्वी बसच्या मागच्या दाराची दांडी सुटून तिच्या तोंडावर आली आणि वरचे पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून काढता-घालता येणारी प्लेट होती. ती बोलताना सुटायची, सफरचंद खाताना तर हमखास. हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली. पक्के दात बसवायचे दंतवैद्याने दोन हजार दोनशे पन्नास सांगितले होते.

म्हणजे पैसे जमले होते, वर एक्केचाळीस उरत होते. फक्त हातात आले नव्हते.

सन २०१७ चा सप्टेंबर होता. कायदा बदलला होता आणि तिची साइट ऑस्ट्रेलियातून गाशा गुंडाळत होती. शेवटची तारीख दहा दिवसांवर आली होती. ग्लेनिसने पैसे मागितले तेव्हा साइटने पत्त्याचा पुरावा मागितला. तिने विजेचं बिल पाठवलं. ते बॅरीच्या नावाचं निघालं. बॅरी तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झालेली. बिलावरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. मग तिने नगरपालिकेचं पत्र पाठवलं. त्याला सहा दिवस झाले. 'तपासणी चालू आहे' एवढंच उत्तर यायचं, आणि तोवर पैसे साइटच्या खात्यावरच होते. तारीख उलटली तर पैशांचं काय, हे तिने दोनदा विचारलं. त्यावरही तपासणी चालूच होती.

सहा दिवस तिने टेबलाला हात लावला नाही. प्लेट चावून चावून हिरडी दुखायला लागली. सातव्या दिवशी सोमवार होता.

सोमवारची सकाळ सगळ्यात चांगली. कॅनडात तेव्हा रविवारची संध्याकाळ असते, माणसं दोन ग्लास घेऊन बसलेली असतात आणि कशावरही पैसे लावतात. ग्लेनिस रोजच्यासारखी ईमेल बघायला बसली. ईमेल नव्हती. हातांना काहीतरी काम हवं होतं. दहा डॉलरनी काय होतंय, असं म्हणून तिने साइट उघडली.

तिचं टेबल यादीत कायम तिसऱ्या ओळीत असायचं. तिने तिसरी ओळ दाबली. किती घेऊन बसणार, ही चौकट आली. तिथे टेबलाची कमाल रक्कम आधीच भरलेली असते. तिने ती न बघता होकार दाबला, अडीच वर्षं दाबत होती तसाच.

पत्ते आले. बदामाचा राजा आणि किलवरचा राजा. हातात दोनच पत्ते मिळतात आणि त्यात दोन एक्क्यांखेरीज याहून मोठं काही नाही. समोरच्याने चाल तिसावर नेली. ग्लेनिसने ती तिप्पट करायचं बटण दाबलं. नव्वद.

नव्वद. तिने पुन्हा बघितलं. तिच्या टेबलावर नव्वदच्या आधी शून्य आणि टिंब असायचं. इथे टिंब नव्हतं.

तिची नजर खाली, स्वतःच्या नावाकडे गेली. एक हजार डॉलर घेऊन ती बसली होती, त्यातले नव्वद मध्ये पडले होते. गिऱ्हाइकं निघून चालली तशी साइटने छोटी टेबलं खाली सरकवली होती. तिसऱ्या ओळीत आता शंभरपट मोठं टेबल होतं.

समोरच्याने चाल दोनशे सत्तरवर नेली आणि तिचं घड्याळ सुरू झालं. पंचवीस सेकंद, वर साठ राखीव.

तिच्या नेहमीच्या टेबलावर हे राजे घेऊन तिने आनंदाने सगळं लावलं असतं. बहुतेक वेळा ते बरोबर ठरायचं. पैसे शंभरपट असले म्हणून पत्ते बदलत नाहीत, हेही तिला कळत होतं. जिंकली तर आणखी हजार. उजवीकडची दाढही हलत होती, तीही होऊन जाईल. हरली तर उरतील बाराशे एक्क्याण्णव, आणि तेवढ्यात एक दात आणि बाजूला भोक. पंचवीस सेकंद संपले. राखीव सुरू झाले.

काचेवर टकटक झाली. सेस सिगारेट ओढायला बाहेर आला होता. तिने दाराचं बटण दाबलं.

"आपल्या बसमधल्या नोरीनला मशीनवर चाळीस डॉलर लागले. आता आठवडाभर ऐकवणार," तो पायरीवर चढून म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "काय झालं गं? कोण गेलं?"

"कोणी नाही. चुकीच्या टेबलावर बसलेय."

"मग ऊठ."

"माझ्याकडे दोन राजे आहेत."

"बरे असतात ना ते?"

"बरे असतात."

"मग खेळ."

"हजार डॉलर आहेत, सेस."

सेसने सिगारेट तोंडातून काढली. आत मशिनात तो दर आठवड्याला साठ घालायचा आणि त्याबद्दल कधी अक्षर काढायचा नाही. "तुझे दाताचे?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी नुसतं बटण दाबणारा."

अकरा सेकंद होते. चिकटपट्टीवरचं अक्षर उन्हाने फिकं झालं होतं, तरी वाचता येत होतं. दोन हजार दोनशे एक्क्याण्णवचा चाळिसावा हिस्सा सत्तावन्न डॉलर. हजार कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. पत्ते कितीही चांगले असोत, तिने या टेबलावर असायलाच नको होतं. चार सेकंद उरले असताना तिने राजे टाकले.

समोरच्याने पैसे ओढून घेतले. त्याच्याकडे काय होतं ते त्याने दाखवलं नाही. तसं दाखवायची गरजही नसते. ग्लेनिस लगेच टेबलावरून उठली. खात्यावर दोन हजार दोनशे एक डॉलर राहिले. दातांना एकोणपन्नास कमी.

तिचं छोटं टेबल नवव्या ओळीत सापडलं. एक वाजायला पन्नास मिनिटं होती, कॅनडात संध्याकाळ होती, आणि एकोणपन्नास डॉलर म्हणजे दोन चांगले आठवडे. तिचं बोट तिथे बराच वेळ थांबलं. मग तिने लॅपटॉप मिटला आणि मागची सीट पुसायला घेतली. ती सकाळीच पुसून झाली होती.

"त्याच्याकडे काय असेल?" सेसने विचारलं.

"एक्के असतील. नसतीलही."

"असतीलच म्हण. झोप तरी लागेल."

घरी जाताना नोरीन मशीनच्या चाळीस डॉलरांची गोष्ट तीन थांबे सांगत होती. सेस मध्ये एकदाही बोलला नाही, त्यामुळे तो आजारी आहे की काय असं नोरीनने दोनदा विचारलं.

साइटची ईमेल गुरुवारी आली. पैसे बँकेत यायला त्याच्यापुढे आठ दिवस लागले आणि त्या आठही दिवसांत ग्लेनिस रोज सकाळी बँकेचं खातं उघडून बघत होती. ऑक्टोबरात दात बसले. दोन हजार दोनशे एक तिने कार्डाने दिले आणि एकोणपन्नास पाकिटातून काढून मोजून दिले. काउंटरवरच्या मुलीला हे दोन ठिकाणचे पैसे कशाला, ते कळलं नाही.

"पुढचे दोन्ही पोकरचे," तिने बसमध्ये सांगितलं. "डावीकडच्याचा एक कोपरा तेवढा माझा."

"आ कर बघू," नोरीन म्हणाली.

तिने आ केला. अकरा जणांनी आळीपाळीने वाकून पाहिलं. सेस काहीतरी बोलला आणि सगळे हसले, ग्लेनिसही हसली. हात सवयीने तोंडाशी गेला.

क्लबच्या स्वयंपाकघरातून जेवणाची यादी आली की अजून ती तिसरी ओळ दोनदा वाचते, मग काय हवं ते सांगते. आणि त्या माणसाकडे एक्के होते, असं तिने ठरवून टाकलं आहे. रोज दुपारी एकदा, बस धुताना, ते तिला पटत नाही.