पहिलं नाही

तळ्याकाठी राहता म्हणजे मज्जाच की, असं कुणी म्हटलं की वैदेहीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तळं सुंदर होतं, त्यात वाद नव्हता. पण तळ्याकडे बघत बसायला ती या डच गावात, मिडलबर्गला, आली नव्हती. आधी झूटरमेर शहरात तिची सॉफ्टवेअर टेस्टरची चांगली नोकरी होती आणि हाक मारली की चहाला येणाऱ्या मैत्रिणी होत्या. नवऱ्याला, ऋषभला, देशाच्या दक्षिणेतल्या या एवढ्याशा गावच्या कॉलेजात शिकवायची जागा मिळाली आणि तिने सगळं गुंडाळलं. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं अंतर नव्हतं. इथे तिच्याजोगतं काम नव्हतं, आणि परीक्षा संपून पोरं गेली की रस्त्यावर माणूसही नव्हतं.

म्हणून शेजारची हान्नेके कॉफीला आली तेव्हा वैदेहीला देवच पावल्यासारखं झालं. हान्नेके तळ्यावर शिडाच्या होड्या हाकायला शिकवायची शाळा चालवायची आणि त्यांचं बुकिंगचं सॉफ्टवेअर सारखं कोलमडायचं. "तू हेच काम करायचीस ना? आमच्याकडे ये. पगारी," हान्नेके सरळ म्हणाली.

वैदेही मनातून हरखली आणि तोंडाने म्हणाली, "छे गं, मला कुठलं जमायला! माझं डचही धड नाही. तुला चांगलं कुणीतरी मिळेल."

आता हे काय 'नाही' झालं? पहिल्या झटक्यात हो म्हणणं म्हणजे हावरटपणा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. समोरच्याने म्हणायचं, असं कसं, तुलाच यावं लागेल. मग आपण म्हणायचं, बरं बाई, एवढं म्हणतेस तर. आपल्याकडे साधी पोळी वाढणारीसुद्धा पहिल्या नकाराला भीक घालत नाही! हान्नेके म्हणाली, "यामर," म्हणजे अरेरे, आणि लेकीच्या नव्या सायकलीबद्दल बोलू लागली.

आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून वैदेही वाट बघत राहिली. शेवटी न राहवून ती स्वतःच सायकल मारत तळ्यावर गेली. शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर एक नवी मुलगी बसली होती.

"पण तू नाही म्हणालीस," हान्नेके म्हणाली. ती खरोखरच गोंधळली होती.

घरी येऊन वैदेहीने आदळआपट केली. माणसाला दुसऱ्यांदा विचारायची रीत नाही, ही कसली माणसं!

ऋषभ हसला. "अगं, त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. आपला आग्रह त्यांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळत," वैदेही म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तुला कळतो ना?"

"मला? माझा काय संबंध?"

"इथली नोकरी घेताना तू मला विचारलंस, तुला चालेल ना? मी म्हणाले, माझं काय, तुझं होऊ दे. तुझ्या आईच्या हातचा लाडू तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेणारा माणूस तू! तुला कळलं नाही मी काय म्हणतेय ते? हान्नेके परकी आहे. तिला माफ आहे. तू सोयीने डच झालास!"

ऋषभ चाचरत म्हणाला, "कॉलेज मला कायम करतंय. मी आज सांगणारच होतो. राहू या ना इथेच? तुला चालेल ना?"

"नाही," वैदेही म्हणाली.

ऋषभ थांबला. आता ती म्हणेल, पण तुझं चांगलं होत असेल तर. वैदेहीने तांदूळ धुतले आणि कुकर लावला.