टर्बोचं एक मिनिट

उन्हात तापलेल्या रेग्झिनचा वास आला की मला टप मागे दुमडणारी, दोनच सीटांची ती लाल गाडी आठवते. ऐंशीच्या दशकात मी सदर भागातल्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. त्या गाडीला टर्बो होता, आणि टर्बोची गाडी धावून आली की इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करायचं असतं, नाहीतर आतलं तेल जळतं. गाडीचे मालक ते मिनिट कधी चुकवत नसत. ते वारले, आणि महिन्याभराने त्यांच्या पत्नीने गाडी चालवून बघायला मला बोलावलं. भर दुपारी कोराडी रस्त्याने फेरी मारून मी बंगल्यात परतलो आणि घाईघाईत चावी फिरवून काढून घेतली. इंजिन थांबलं नाही. चावी माझ्या मुठीत, आणि गाडी आपली संथ गुरगुरत राहिली. बाई पायरीवर उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत त्या म्हणाल्या, “काहून घाई केली, भाऊ? त्यायले मिनिटभर बसू द्या नं.” मिनिट भरलं तशी गाडी आपोआप बंद झाली. आता माझी स्वतःची साधी गाडी आहे, टर्बो नाही. तरी घरी पोचल्यावर मी मिनिटभर इंजिन चालू ठेवतो, आणि शेजारच्या सीटकडे बघत नाही.