मागं पाहणारा बैल

"रंग उडाला काका. तान्ह्या पोळ्याच्या आत मारून द्या," म्हणत बाईंनी लाकडी बैल माझ्यासमोर ठेवला. मी पाहिला आणि हातातली पटाशी खाली ठेवली. बैल माझ्या हातचा होता.

ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. इतवारी बाजारात माझं खरादीचं दुकान. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून गोल करायची मशीन. वर्षभर पलंगाचे पाय आणि लाटणी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं चाकाचे लाकडी बैल मिरवतात, तो तान्हा पोळा. त्या सीझनला बैल. सरळ मान, चार चाकं, पांढरा ऑइल पेंट. त्यावर घर चाललं. मी दुसरी शिकलो. पण माझ्यासारखा बैल इतवारीत कोणाचा नव्हता, हे आजही म्हणतो.

हा बैल त्याच्या वीसेक वर्षं आधीचा. ऐन सीझनमध्ये ऑर्डरी बाजूला सारून केला. मान मागं वळवून स्वतःची पाठ चाटणारा. बैलाच्या गळ्याखाली कातडी लोंबते, तिला पोळी म्हणतात. लाकडाच्या रेषा तिथं बरोबर घडीसारख्या उतरल्या होत्या. म्हणून रंग लावलाच नाही.

बायकोनं विचारलं, "हा कोणाच्या ऑर्डरचा जी?"

"माह्या."

"मंग पैसे बी तुम्हीच द्या."

मग एक धान्याचे शेठजी नातवाला घेऊन आले. नातवानं थेट त्या बैलाच्या गळ्यात हात टाकले.

"काहून गा मिस्त्री, सारे बैल पुढं पाहतात, हा मागं पाहून राहिला?"

"त्याले खाज सुटली, शेठजी."

शेठजी हसले. "चाकं ठोक अन् पांढरा मार. नुसतं लाकूड दिसून राहिलं."

"हा विकायचा नाही."

नातवानं भोकाड पसरलं. बायको मागून हळूच म्हणाली, "कणकीचा डबा रिकामा हाये. त्यात बैल ठेवता का?"

मी चाकं ठोकली. रंग मारला. पहिल्याच हातात रेषा गेल्या.

त्यानंतर दर तान्ह्या पोळ्याला मी मैदानावर जायचो. दोन-तीन वर्षं बैल दिसला. मग पोरगा मोठा झाला असेल. तसा दुसरा करायला घेतला, नाही जमला. एक तर तसं लाकूड सापडेना. आणि सापडलं, तर पलंगाच्या ऑर्डरी दारात उभ्या.

आता तोच बैल समोर होता. ही बाई त्या नातवाची बायको. नवीन रंग द्यायचा तर जुना काढावा लागतो. काचेच्या तुकड्यानं खरडला, पॉलिश पेपर मारला. रेषा होत्या तशाच वर आल्या. बैल फळीवर ठेवला. खराद चालवता चालवता नजर तिकडंच. एक लाटणं वाकडं झालं.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बाई आल्या. "हे काय, रंग कुठं हाये?"

"बाई, असाच राहू द्या. नाही तर हा मले द्या, याच्या बदल्यात दोन नवे घेऊन जा."

"नाही काका. ह्यांच्या लहानपणचा बैल आहे. पोराले हाच पाहिजे. अन् पांढराच."

त्यांचं चुकलं नव्हतं. मीच तर विकला होता. "संध्याकाळी या," म्हटलं आणि रंगाचा डबा उघडला.

संध्याकाळी बाईंनी बैल उलटासुलटा करून पाहिला. "गळ्याखाली रंग मारायचा राहिला की!"

"तिथं रंग धरत नाही, बाई."

मिस्त्रीनं सांगितलं की गिऱ्हाईक मानतं. बाईंनीही मानलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. बैल दिसला. गळ्यात झेंडूची माळ, शिंगाला बेगड. उभ्यानं पोळी दिसत नव्हती, म्हणून उकिडवा बसलो. बाईंचं पोरगं ओरडलं, "आजोबा, सरका, बैल येऊन राहिला!" सरकलो. पण पाहून घेतलं.

गिऱ्हाईकाचं ऐकल्याशिवाय धंदा होत नाही. पण सगळंच ऐकलं, तर नुसता धंदाच राहतो.