चार लिटर पाऊस

तोंदी बांदा गावात किंबाइतका खडूस माणूस दुसरा नव्हता. तीस वर्षांपूर्वी राजधानीतल्या हवामान कचेरीने त्याच्या अंगणात एका खांबावर पर्जन्यमापक बसवला, आणि त्या दिवसापासून किंबा स्वतःला अर्धा सरकारी समजू लागला. रोज सकाळी आठ वाजता तो आंघोळ करून, स्वच्छ झब्बा घालून खांबापाशी जायचा, भांड्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचा, डोळा अगदी रेषेला लावून आकडा वाचायचा आणि कागदावर लिहायचा. पाऊस नसला तरी जायचा, आणि आमच्या भागात तो वर्षातले नऊ महिने नसतोच. एकदा त्याच्या नातीने, तीन वर्षांच्या हाम्साने, त्या भांड्यात मूठभर वाळू टाकली. त्याने तिच्या थोबाडीत मारली आणि वर विचारलं, "सरकारला फसवतेस?"

पोर आईविना आजीपाशी वाढत होती. आजी सालामतू त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही.

त्या वर्षी कचेरीचा माणूस मोठा कागद घेऊन आला. साऱ्या खंडाचा नवा नकाशा निघणार होता, कुठे किती पाऊस, किती ऊन, कुठे काय पिकेल ते दाखवणारा. आपल्या मुलखावर त्याने बोटाने एक आडवी रेघ ओढून दाखवली. तीस वर्षांची सरासरी तीनशे मिलीमीटर भरली तर गाव रेघेच्या खाली, म्हणजे शेतीचं. नाही भरली तर वर, म्हणजे कुरणाचं. मग कुणाचेही उंट आणि गुरं येऊन बाजरी फस्त करोत, तक्रार ऐकून घेणारं कोणी नाही.

तो गेल्यावर किंबाने सगळे जुने कागद काढून हिशेब मांडला. एकोणतीस वर्षांची सरासरी तीनशे तीन. तिसाव्या वर्षी, म्हणजे याच वर्षी, दोनशे तेरा तरी पडायला हवा होता. ऑगस्ट संपत आला होता आणि भांड्यात आजवर जमला होता एकशे अठरा. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली होती.

गावचा मुखिया मोस्सी येऊन चटईवर बसला. "किंबा, चार तांबे पाणी ओत त्यात. देवाला काही कळणार नाही असं नाही, पण तो समजून घेईल."

"भांड्यात असेल तेच लिहीन," किंबा म्हणाला.

"आणि भांड्यात काय असावं ते कोण ठरवतं?"

"मी नाही."

"मग झालं तर," म्हणत मुखिया उठला, आणि जाताना स्वयंपाकाच्या चुलीपाशी सालामतूशी बराच वेळ बोलत उभा राहिला.

दोनच दिवसांनी भांड्यात सात मिलीमीटर सापडले. खांबाभोवतीच्या धुळीत एका थेंबाचा ठसा नव्हता. नळीच्या तळाशी तांबडा गाळ बसला होता, तसा गाळ फक्त गावच्या विहिरीला येतो.

"पहाटे पाऊस ऐकलास?" त्याने बायकोला विचारलं.

"ऐकला की. तुम्ही घोरत होतात."

"जमीन कोरडी आहे."

"भांड्यापुरताच पडला असेल." ती बाजरी कांडत राहिली. "भांड्यात असतं तेच लिहिता ना तुम्ही? का आता आभाळाला विचारून लिहिणार?"

किंबाने सात लिहिले. आपण एक अक्षरही खोटं लिहिलं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि त्याला ते पटलंसुद्धा. लबाड माणूस निदान लबाडी ओळखतो. याला तेवढंही जमलं नाही.

विहीर आटत चालली होती. बायका हांडाभर पाण्यासाठी दुपारपर्यंत ताटकळत, आणि त्यातलं पेलाभर सालामतू खांबावरच्या त्या भांड्याच्या तोंडात ओतत असे. ढग दिसतील त्याच दिवशी ओतायची, हुशार होती. हंगाम संपला तेव्हा कागदावर दोनशे एकवीस भरले. ओतलेलं सगळं पाणी मोजलं तर जेमतेम चार लिटर. तेवढ्यावर गाव रेघेखाली राहिलं, आणि मुखियाने बोकड कापला.

फेब्रुवारीत धान्याचे ट्रक आले. ते गावातल्या रस्त्याने धूळ उडवत गेले आणि थांबले पुढच्या सारगान गावात. लोक मागे धावले. ट्रकवाल्याने यादी दाखवली. ज्यांचा पाऊस दोनशेच्या आत, त्यांनाच धान्य.

तोंदी बांदाने हांझाच्या, म्हणजे दुष्काळातही तगणाऱ्या रानझुडपाच्या, कडू बिया दहा दहा वेळा उकळून खाल्ल्या. हाम्साचं पोट फुगलं, पाय काड्यांसारखे झाले. किंबाने स्वच्छ झब्बा घातला आणि दोन दिवस चालत तालुक्याची कचेरी गाठली.

"साहेब, माझे आकडे खोटे आहेत."

साहेब तरुण होता, वागायला चांगला होता. त्याने किंबाचे कागद काढले. "बाबा, तीस वर्षांत एक खाडाखोड नाही तुमची. नव्या पोरांना शिकवताना आम्ही तुमचेच कागद दाखवतो."

"विहिरीचं पाणी होतं ते. बायकोने ओतलं. मला ठाऊक होतं."

"या महिन्यात तुम्ही चौथे," साहेब हसून म्हणाला. "ट्रक दिसले की सगळ्यांचीच बायको पाणी ओतते. मला कळतं हो, घरी उपासमार असते. पण तुमच्यासारख्या माणसाने तरी खोटं बोलू नये."

किंबाने तीस वर्षं जपलेली अब्रू त्या टेबलावर पडली होती आणि ती त्याच्याच विरुद्ध साक्ष देत होती. तो पाया पडला. साहेबाने त्याला उठवून पाणी पाजलं आणि वाटेसाठी बिस्किटांचा पुडा दिला. किंबाने तो फोडला नाही, हाम्सासाठी जपून नेला. तो पोचायच्या आदल्या सकाळी तिला पुरलं होतं.

"कुठे?" एवढंच त्याने विचारलं. सालामतूने हाताने दाखवलं. त्यानंतर तिने हांड्याला हात लावला नाही; पाणी किंबा आणू लागला, आणि गावातल्या बायका त्याला बघून हसू लागल्या.

पुढच्या वर्षी छापलेला नकाशा आला. मुखियाने तो सगळ्यांसमोर पसरला. पूर्वेकडून सरळ येणारी रेघ तोंदी बांदापाशी चिमूटभर वर चढली होती आणि गाव ओलांडल्यावर पुन्हा खाली उतरली होती.

"बघ, आपल्यासाठी वाकली," मुखिया म्हणाला. "तुझं नाव राहील, किंबा."

किंबा डोळा अगदी कागदाला लावून बराच वेळ बघत राहिला. "हाम्साची कबर कुठे येते यात?"

मुखियाने बोट फिरवलं, नीट शोधलं, आणि समजूत घालावी तसा म्हणाला, "आतच आहे की. पिकाच्या भागात."